हलू नका

पौषात लग्नं नसतात.
पाटणच्या स्टँडसमोरचं शटर अर्ध्यावर ओढून
मी मोठी लेन्स पिशवीत घातली,
एरवी जिच्यातून हळदीचे गाल
आणि पाणावलेल्या मावश्या टिपतो,
आणि हेळवाकच्या वरच्या रानात गेलो,
सांबरासाठी.

सोबत भागोजी झोरे, वनखात्याचा रोजंदार.
कमरेला कोयता, कानांवर मफलर.
मला हुंगून म्हणाला,
"सेंट मारून आलायसा?
मग घरीच बसायचं हुतं."
आणि माझ्या बाह्यांना ओला पाला चोळला.

पहिल्या दिवशी फक्त खूर.
चिखलात दोन पाकळ्या,
आत अजून पाणी झिरपत होतं.
त्यात बोट बुडवून भागोजी म्हणाला,
"आत्ताच गेलं. आपन च्या पीत हुतो तवा."

दुसऱ्या दिवशी गेळ्याच्या खोडावर
शिंगं घासल्याची जखम, माझ्या छातीएवढ्या उंचीवर.
आणि तिन्हीसांजेला दरीतून एकदाच
पोंक्‌,
चेपलेल्या पितळी भोंग्यासारखं.
त्यानंतर रान इतकं गप्प झालं
की मला मनगटावरच्या घड्याळाची लाज वाटली.

तिसऱ्या पहाटे पाणवठ्यापाशी.
कारवीच्या काठ्यांत धुकं अडकलेलं,
बोटं माझी असून माझी नव्हेत.
मनात सराव चालू होता:
जरा डावीकडं. हनुवटी वर. हसायचं नाही, असंच.
वीस वर्षं माणसं उभी करतोय,
सवय कुठं जाते!
एक मुंगूस पाणी पिऊन गेलं.
ऊन पाण्याच्या मधोमध आलं.
सांबर नाही.

मी कॅमेरा मिटायला घेतला तसा भागोजी म्हणाला,
"माजा काडा की एक.
आधारकार्डावर निस्ता चोर दिसतोय."
मफलर काढून, केस पाण्यानं बसवून
काठावर उभा राहिला,
हात मांड्यांना चिकटवून, ध्वजवंदनाला राहावं तसा.
मी म्हटलं, हलू नका.
तीन फोटो काढले.

रात्री दुकानात, काँप्युटरवर,
त्याच्या खांद्यामागं एक फांदी
फांदीसारखी वाटेना.
मोठं केलं.
दोन रुंद कान, माझ्याकडं वळलेले.
दवानं चिकटलेली मानेवरची राठ आयाळ.
डाव्या शिंगाला कुठली तरी वाळकी वेल
मुंडावळीसारखी लोंबत होती.
पहिल्यात होतं. दुसऱ्यात होतं.
तिसऱ्यात पुढचा एक पाय उचललेला.

साडेदहाला फोन लावला.
"भागोजी, मागं सांबर होतं! तुमच्या मागं!"
"व्हय. वास आलता."
"मग बोलला नाहीत ते?"
"तुमीच म्हनलासा की, हलू नका."

पलीकडं कुणीतरी भांडी विसळत होतं.
मी अजून स्क्रीनवरच्या त्या पायाकडं बघत होतो,
खाली येईल म्हणून.

"ते ऱ्हाऊ द्या," भागोजी म्हणाला,
"माजा कसा आलाय?"