पासंग

ऑर्व्हिल पेट्राकोच्या सलूनमध्ये
शनिवारी केस कापायला कुणी येत नाही.
उरलेत कुठे केस?
येतात ते तराजू घेऊन.
एका पारड्यात माझा बाप, मेथड हालुष्का,
गार्ड, दोनशे अकरा पौंड, सत्तावन्न ते साठ.
दुसऱ्यात माझा मुलगा ट्रेंट,
तोही गार्ड, तीनशे अठरा,
आणि अजून जेवायचा बाकी.

"आत्ताची पोरं मेथडच्या पासंगालाही पुरणार नाहीत,"
ऑर्व्हिल वस्तरा पुसत म्हणतो.
"साठ मिनिटं मैदानात. हल्ल्याला तोच, बचावाला तोच.
आणि सोमवारी पहाटे भट्टीवर हजर."
खिडकीतला लेमन गुडविन हसतो,
"अरे, त्या पोरानं नुसता श्वास सोडला
तरी तुझा मेथड नदीपलीकडे जाऊन पडेल."
मग आकडे निघतात,
बूट किती जड होते, चिखल किती खोल.
मेथडला आजचा खुराक दिला असता तर.
ट्रेंटला बटाट्यांवर वाढवलं असतं तर.
या 'तर'च्या पुढे
कुणाचीच गाडी जात नाही.

कपडे दोघांचेही मी धुते.
बापाच्या बनियनवर सूपाचे डाग.
मुलाच्या मोज्यांतून मशीनमध्ये सांडतात
नकली हिरवळीचे काळे रबरी दाणे.
बापाची करंगळी साठ साली मोडली.
कोचनं ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधली
आणि म्हणाला, जा.
ती अजून तशीच आहे, वाकडी,
एकटीच दुसऱ्या गावाला निघाल्यासारखी.
मुलाची ऑगस्टमध्ये नुसती सुजली
तर तीन डॉक्टर.

नोव्हेंबरात ट्रेंट दोन दिवस घरी आला.
मंगळवारी रात्री बाप न्हाणीघरात पडला.
लागलं नव्हतं. फरशीवर बसून होता,
नळाशी काहीतरी बोलत.
ट्रेंट दारात उभा राहिला
आणि दारातला सगळा उजेड संपला.

बापानं वर पाहिलं.
मार्चपासून तो मला ओळखत नाही,
पण समोर कोण उभं आहे
हे त्याला त्या क्षणी पक्कं माहीत होतं.
उठला. वाकला.
तीन बोटं फरशीवर, टाच उचललेली,
पाठ टेबलासारखी सपाट.
अठ्ठ्याऐंशी वर्षं.
मी टॉवेल धरून उभी.

आणि तो आला.
जोर कसला असणार? पण खालून आला,
खांदा बरगडीच्या खाली,
छोटी छोटी पावलं मारत,
बंद पडलेला ट्रक ढकलावा तसा.

ट्रेंट खोटं वागतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो
ते मला माहीत आहे.
तसा तो नव्हता.
तो मागे गेला,
अर्धं पाऊल.
टाच भिंतीला लागली.

मग त्यानं आजोबाला मिठीत घेतलं,
अख्खाच्या अख्खा,
आणि दोघं धापा टाकत राहिले.
"खाली राहा, पोरा," बाप त्याच्या छातीत म्हणाला,
"उंच राहिलास की संपलास."
"हो," ट्रेंट म्हणाला.

रात्री उशिरा मी भांडी घासत होते.
फ्रीजच्या दाराआडून त्यानं विचारलं,
"विसरायला लागले तेव्हा किती वर्षांचे होते?"
"एकसष्ट."
तो काही बोलला नाही.
दूध पीत उभा राहिला,
दुसऱ्या हाताची बोटं
कानशिलावर, दाबून.
चाळीस नव्हते होत अजून, खरं म्हणजे,
जेव्हा पहिल्यांदा बाप गाडी चालू ठेवून
घरी चालत आला होता.

शनिवारी त्याला दाढीला नेलं.
"बघा, मान बघा अजून," ऑर्व्हिल म्हणाला, "बैलाची!"
लेमननं पुन्हा नदी काढली.
पारडी वर खाली, वर खाली.
मग ऑर्व्हिल आरशातून माझ्याकडे वळला,
"तू सांग बाई, घरचीच आहेस. दोघांत कोण?"

बापाच्या खांद्यावरचं कापड सारखं केलं मी.
म्हटलं,
कानामागचे जरा कमी करा.