कोल्ड स्टार्ट

वसमतच्या वट्टमवारांचा श्रीनाथ ताडपत्री काढतो.
ताडपत्रीला हळद लागलेली, गाडीला नाही.
"मॅडम, ही मागाहून मॉडिफाय केलेली नाही.
कारखान्यातूनच अशी आलीय."
बुटकी सीट, रुंद हँडल, टाकीवर
कुणी हातानं ओढावी तशी रेघ.
कुणाची तरी लहर, बोल्ट मोजून, नंबर टाकून
हजारांनी ओतलेली.
मला त्यात वावगं वाटत नाही.
माझी सहीसुद्धा आता शिक्क्यासारखीच उमटते.

प्रश्न एवढाच, की भरवशाची आहे का.

हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं,
आडवं पडून, हातात सुई असताना:
"मॅडम, उठीन ना मी?"
मी भूल देते. अठरा वर्षं झाली.
दिवसा नांदेडात, रात्री मुदखेड, भोकर,
कधी थेट हिमायतनगर.
दोन वाजता फोन वाजतो: बाई अडलीय,
सर्जन हात धुतायत, निघा.
अकरा वर्षांच्या स्कूटरला मी मनातल्या मनात हात जोडते.
ती चौथ्या किकला ऐकते.
आजवर तरी ऐकलंय.

जोगासिंग मिस्त्रीला सोबत नेलं होतं.
तो गाडीपाशी उकिडवा बसला,
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला.
मग माझ्या बॅगेकडे बोट केलं.
स्टेथोस्कोप दिला. त्यानं ऐकलं, परत दिला.
"आता तुम्ही ऐका."
दोन सिलिंडर. एक किंचित मागं,
मोठ्या भावामागं शाळेत निघालेल्या पोरासारखं.
"असंच असतं का?"
"असंच ऱ्हातंय. पण मे महिन्यात इचारा,
चव्वेचाळीस डिग्रीत मागचा सिलिंडर मांडी भाजीन."

श्रीनाथ पोरगा खरा. आपणहून म्हणाला,
एकदा दिवा लागला होता. ऑक्सिजन सेन्सर.
पार्ट यायला तीन आठवडे गेले.
मी हसले. त्याला कळेना, कामून.
तीन मिनिटं, श्रीनाथ.
माझ्या धंद्यात तीन मिनिटं लई झाली.

"अन् सेंटर संभाजीनगरला,"
जोगासिंग पगडीखालचा घाम पुसत म्हणाला.
"म्हंजे हिला सर्दी झाली की टेम्पोत घालायची,
अडीचशे किलोमीटर न्यायची,
अन् तुम्ही भोकरला चालत."
"मग नको म्हणतोस?"
"नको कुठं म्हणलो. मशीन हाय, म्याडम."

नातेवाइकांना मीही असंच सांगते.
शंभरात नव्व्याण्णव, सांगते, आणि उरलेल्या एकावर
त्यांच्या सह्या घेते.

खरं सांगायचं तर भरवसा मला स्कूटरकडून मिळतोच.
हिच्याकडून दुसरंच काही हवंय.
त्याला हौस म्हणतात,
आणि बाई सत्तेचाळीसची असली, की खूळ.

परतताना आसनेच्या पुलावर मी गाडी थांबवायला लावली
आणि श्रीनाथला फोन केला.
रोज सकाळी, इंजिन पार गार असताना,
एकदा चालू कर. आवाज रेकॉर्ड कर. पाठव.
दहा दिवस.

तो पाठवत राहिला.
ऑपरेशन थिएटरच्या दाराशी, टोपीखाली मोबाईल धरून
मी ऐकत राहिले.
मागं कुणीतरी पोती मोजतंय, बावीस, तेवीस,
आई ओरडतेय, चहा गार झाला रे,
मग ती उठते, घसा खाकरून, एका दमात.
सातव्या दिवशी स्टार्टर फिरला
आणि मध्ये एक जागा रिकामी राहिली,
एका श्वासाएवढी.
मॉनिटरकडे न बघता ओळखते मी ती जागा.
मग लागली.
मी आत गेले.
टेबलावरच्या आजोबांनी विचारलं, "उठीन ना?"
"हो," म्हणाले. टक्के सांगितले नाहीत.

दहाव्या दिवशी श्रीनाथचा फोन.
जालन्याचं एक गिऱ्हाईक मागं लागलंय, मॅडम.
तुमचं काय ठरलं?

"उद्याचा आवाज पाठव," मी म्हटलं.