लोलक

गाडी बाहेर रस्त्यावर भिजते
आणि गराजात, लाकडी घोड्यांवर,
बाबांच्या कॅफेतलं पिनबॉल
पोट उघडं टाकून पडलंय.
"अजून संपलं नाही?" शेजारची मादाम देल्पोर्त विचारते.
नाही संपलं. तिसरा हिवाळा.
रूबे शहरात हिवाळ्यांना तोटा नाही.

आधी वाटलं, नुसती धूळ आहे.
पण धूळ फुंकरीनं उडते, ही उडेना.
सिगारेटचा धूर, कॉफीची वाफ,
गिरणी सुटल्यावर येणाऱ्यांच्या बाह्यांवरची लोकर,
सगळं मिळून एक करडी साय.
स्पिरिटच्या बोळ्यानं बोटभर पुसलं
तर खाली निळा.
तो निळा होता हे मी साफ विसरले होते.

वीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रिले घासले.
एक्स्चेंज बंद झालं त्या दिवशी
कानशी आणि चिमटे पर्समध्ये घालून निघाले,
कुणाला न विचारता.
त्यामुळे या पोटातलं मला कळतं:
तांब्याची जीभ जिभेला टेकते, खट्,
शंभर गुण. काजळी बसली की मुकी.
रबरं नवी घातली. एक कॉइल हातानं गुंडाळली,
तेराशे वेढे,
मधेच फोन वाजला म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

मग लोलक.
आत डाव्या भिंतीला टांगलेला, पितळी, सुपारीएवढा,
भोवती कडं. यंत्राला कुणी ढकललं
की लोलक कड्याला शिवतो,
काचेवर लाल अक्षरं पेटतात, टिल्ट,
आणि खेळ मरतो. सगळ्यांना एकच नियम.

नकाशा पसरून मी तारेमागे तार शोधत गेले.
लोलक कशालाच जोडलेला नव्हता.

त्याच्या जागी दोन तारा, कापडी वेष्टणाच्या,
आमच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या होत्या तसल्या,
मागच्या भोकातून बाहेर,
टोकं कापलेली.
बाहेर म्हणजे कुठे? डोळे मिटून मी कॅफे उभं केलं.
भोकासमोर गल्ला. गल्ल्याखाली आईचा हात.
आई पाठमोरी पेले पुसायची. समोर आरसा.

गिस्लँचा डावा हात जन्मापासून काडीसारखा.
माझा भाऊ कमरेनं खेळायचा,
सगळं यंत्र अंगावर घेऊन,
ओली गादी सरकवावी तसं,
आणि दिवा कधी पेटला नाही.
लोक म्हणायचे, पोराच्या कमरेत जादू आहे.

रविवारी तो आला. मी तारा दाखवल्या.
"हो," तो म्हणाला, कोटही न काढता.
"नऊ वर्षांचा होतो. पडलेलं नाणं काढायला खाली शिरलो होतो."
"आणि बोलला नाहीस?"
"कुणाला? जिंकत होतो की."

माझी गोष्ट वेगळी.
चौदाव्या वर्षी, एका सोमवारी,
बेचाळीस हजारांवर होते मी,
शेवटचा चेंडू वरच्या वर नाचत,
आणि टिल्ट.
मी ढकललं नव्हतं.
रडून सांगितलं. बाबा हसले, पोस्टमन हसला,
यंत्र खोटं बोलत नाही, पोरी, म्हणाला.
आई पेला पुसत होती.
पावणेअकरा वाजले होते. सकाळी शाळा होती.

हे ऐकून गिस्लँ इतका हसला
की त्याला स्टुलावर बसावं लागलं.
मीही हसले, पण पुरतं नाही.

मग लोलकाला तार जोडली,
सोल्डरचा एक थेंब, एक फुंकर.
जुनं फ्रँकचं नाणं, जगात आता इथेच चालतं.
गिस्लँनं सवयीनं कमर लावली
आणि पहिल्याच चेंडूला लाल.
"छे!" तो म्हणाला,
आणि मागे वळून पाहिलं,
गल्ला असता तिथे,
रंगाच्या डब्यांकडे.

मी दुसरं नाणं शोधायला लागले.