संपर्क: शाहीन बागवान

मला काम दिलं होतं नोंदवही रिकामी करायचं.
खराडीत, सहाव्या मजल्यावर, ऐन मेमध्ये स्वेटर घालून
मी एकेक सेवा ठोठावून बघत होतो.
ओ दिली तर नव्या यादीत,
नाही दिली तर पूस.

वही म्हणजे कागद नव्हे.
एका यंत्राने विचारावं,
बाबा रे, अमुक काम इथं कोण करतं?
आणि वहीने दार दाखवावं, एवढाच तिचा धर्म.
पांढऱ्या पानांवर नाव-गाव,
पिवळ्या पानांवर धंदा,
हिरव्यांवर बोलायची रीत:
काय द्यायचं, कोणत्या क्रमाने, काय परत मिळेल,
चुकलात तर कोणत्या शब्दांत नकार येईल.
लग्नाच्या बैठकीतही इतकं स्पष्ट कुणी बोलत नाही.

बहुतेक दारांमागे कुणी नव्हतं.
पिनकोड शोधून देणारी, गेली.
रुपयांचे डॉलर करणारी, गेली.
चाचणी, चाचणी दोन, चाचणी शेवटची,
चाचणी खरंच शेवटची.
हिच्यापाशी जरा थांबलो.
मग पुसली.

नोंद चारशे सतरा.
बाजारभाव, गुलटेकडी मार्केट यार्ड.
द्या: माल, तारीख.
मिळेल: आवक, किमान, कमाल.
संपर्क: शाहीन बागवान, एक्स्टेन्शन दोनशे चौदा,
जे ज्या इमारतीत वाजायचं ती इमारतच आता नाही.
खाली वर्णनाची चौकट असते.
यंत्रं ती वाचत नाहीत, म्हणून कुणी भरत नाही.
हिने भरली होती:

"हा भाव पहाटे साडेपाचचा. नऊनंतर विचाराल
तर आकडा हाच दिसेल, पण खरा राहिलेला नसेल.
पालेभाजी शेकड्यावर आहे, जुडीवर नाही.
आमचे अब्बा यार्डात तोलणार आहेत.
शंका आली तर त्यांना विचारून सांगते."

मी विचारलं, मेथी.
उत्तर आलं! किमान चारशे, कमाल आठशे.
तारीख बदलली. चारशे, आठशे.
पुढच्या वर्षीची टाकली. चारशे, आठशे.
भाव भरणारे कधीचे उठून गेले होते,
सांगणारी तेवढी बसून होती.

आणि लॉगमध्ये, रोज सहा चाळीसला, कुणीतरी.
एकच प्रश्न, मेथी. उत्तर घेतं, जातं.
वहीतून आलेलं नव्हे;
वही कुणी उघडल्याची शेवटची खूण नऊ वर्षांपूर्वीची,
तीही ऑडिटवाल्यांची.

खाली टपरीवर लोणकर हसले.
"वहीत बघून कोण जायचं रे?
इथंच विचारायचो, शाहीन, पत्ता दे तुझ्या सेवेचा.
बिस्किटाच्या पुड्यावर लिहून द्यायची.
मग प्रोग्राममध्ये ठोकायचा, खिळ्यासारखा. कायमचा."
तिचा आताचा नंबरही त्यांच्याकडेच होता.

कोंढव्यातून आवाज आला. मागे कुणी सतराचा पाढा चुकत होतं.
"चारशे सतरा? अजून उभी आहे?"
मी विचारलं, ते सहा चाळीसचं तुम्ही का?
"मी नव्हे. अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली,
आणि मेथी त्यांना आवडायची नाही."
मग थोडा वेळ नुसताच पाढा.
"चारशेच सांगते का हो अजून?
बाराशेच्या खाली नसते आता. बिचारं कोण असेल."
सतरा सक एकशे दोन, ती तिकडे म्हणाली,
आणि फोन ठेवायचा राहून गेला.

संध्याकाळी नोंद पुसली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: वापर नाही.
सेवा बंद करायची चावी मला सापडली नाही,
असं मी वर कळवलं.