गुरुवारी नखं

फॉर्म दोन पानी आहे, आक्राहून आलाय.
नोकरीत तुम्ही कितपत समाधानी आहात?
एक ते पाच. एकाच आकड्याभोवती गोल करा.
पेन उठत नाही. तळहातावर घासून पाहते.
वॉर्डात पेन आणायला बंदी आहे,
हे माझं एकुलतं एक, केसांत खोचलेलं.

बाहेर समुद्र. केप कोस्टच्या या अंगाला
रात्री खारं वारं सुटतं, गजांना गंज चढतो,
कुलपं कुरकुरतात.
बावीस वर्षांत चाव्यांचा जुडगा
कमरेचा अवयव झालाय माझ्या.
रविवारी चर्चमध्येही हात तिथेच जातो.

या वर्षी गेल्या त्या:
सिटसोफे, लीड्सला. अराबा, बर्मिंगहॅमला.
एनाम कुठे गेली ते बोलली नाही.
दोन आठवड्यांची रजा टाकली
आणि लॉकरात बूट ठेवून गेली,
म्हणजे आम्ही वाट बघावी.
बघितली. मग ते बूट नव्या मुलीला दिले,
अर्धा नंबर सैल.

निरोपाचा फोटो दर वेळी तोच:
कडुनिंबाखाली दोन रांगा, हातात फँटा,
कुणाचे तरी डोळे मिटलेले.
सगळ्या फोटोंत मी आहे. डावीकडून तिसरी.

म्हातारा बायडू प्रत्येक नव्या नर्सला
अराबाच म्हणतो.
मला वाटलं, विसरला असेल.
एकदा रात्रपाळीत विचारलं, तर म्हणाला,
नवं नाव पाठ करण्याआधी
माणूस किती दिवस टिकणार ते कळायला नको?

प्रश्न सातवा: गेल्या वर्षभरात
नोकरी सोडायचा विचार आला का?
माझ्या सेवाभावावर भाषणं होतात.
खरं सांगायचं तर इंग्रजीच्या परीक्षेत
दोनदा नापास झालेय, अर्ध्या गुणाने.
'शहर बरं की खेडं' यावर लिहायचं होतं.
मी खेड्याची बाजू घेतली,
आणि अडीचशे शब्द व्हायच्या आत
गाव संपलं.

पगार दोन महिने मागे. इंजेक्शनं मोजून अकरा.
डाव्या बाजूचा एक दात
सात नंबरच्या खाटेला वाहिलाय.
त्यानेच नंतर अर्धं संत्रं आणून दिलं,
सोललेलं, माझ्यासाठी.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

क्वाबेना न्तो आला तो प्रार्थना-शिबिरातून,
घोट्यावर साखळीचं काळं कडं उमटलेलं.
आठ महिने कुणाला अंगाला हात लावू दिला नाही.
आता गुरुवारी नखं कापायला बसले
की रांगेत पहिला तो.
हात पुढे करतो, आधी करंगळी.
नेलकटरचा कट्‌ असा आवाज झाला की डोळे मिटतो,
आणि माझाही श्वास तेव्हाच सुटतो.
पाचापैकी किती, ते ठाऊक नाही.
पाय निघत नाही एवढं खरं,
आणि निघाला असता हेही खरंच.

पहाटे आसिबी आली, उत्तरेकडून, बोल्गातांगाची,
सैल बुटांत फटक फटक चालत.
बायडूने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं,
बुटांवर जरा जास्तच थांबला.
मग विचारलं, नाव काय तुझं?
तिने सांगितलं.
उद्या पुन्हा सांग, म्हणाला,
आणि भिंतीकडे कूस वळवली.

फॉर्म उशीखाली सारायला माझ्याकडे उशी नाही.
रजिस्टरमध्ये ठेवलाय.
आज वार कोणता?
बुधवार.
नेलकटर कपाटात, खालच्या खणात असतो,
मी आसिबीला दाखवून ठेवलं.
चावी मात्र अजून दिली नाही.