ओळखपरेड

लोकमान्यनगर, इंदूर. सकाळचे साडेदहा.
कचऱ्याची गाडी आपलं गाणं गात गल्लीबाहेर गेली
आणि पाठीवर टाकी, हातात पाइप,
चेतराम दारात: "मकड़ी भी है क्या, आंटी?"

आहे ना. पण कुठली?
चपला काढ, ये. तोटी आधी खाली कर.

ही न्हाणीच्या कोपऱ्यात उलटी टांगलेली,
पाय म्हणजे नुसते शिवणाचे दोरे.
फुंकर घाल. बघ कशी थरथरते,
इतकी, की दिसेनाशीच होते.
भित्रेपणाचा असाही उपयोग असतो.
तोंडात धरलंय ते सावज नव्हे, अंडी आहेत.

खिडकीतला हा बुटका जाळं विणतच नाही.
उडी मारतो, थांबतो,
मान वळवून वर बघतो
मीटर वाचायला आलेल्या माणसासारखा.
समोरून चार डोळे. मोज.
राहू दे, तोच तुला मोजतोय.

गॅसच्या टाकीमागे मात्र हळू.
तळहाताएवढी, चपटी, मातकट,
पोटाखाली आठाण्याएवढी पांढरी वडी.
हिला बघून माझ्या जाऊबाई स्टुलावर चढल्या
आणि उतरल्या त्या थेट देवासला.
तुझी झुरळं हीच खाते रे. फुकटात.

चेतराम दोन पावलं मागे सरला.
मग छताकडे बोट: "और वो?"

ते जळमट. ते खुशाल काढ.
जाळं आणि जळमट यांत फरक असतो,
जाळ्यात कुणीतरी राहतं.

मागे, जास्वंद आणि वाळत्या चादरीच्या मध्ये
पांढऱ्या फुलीवर बसलेली ती, पिवळ्या पट्ट्यांची.
पाय दोन-दोन जोडून ठेवते, म्हणून चारच वाटतात.
काठाशी ते तपकिरी, तांदळाएवढं, तो नवरा.
काही बोलू नकोस.

आंब्याच्या खोडावर काही नाही म्हणालास?
पुन्हा बघ.
सालीला दोन शेपट्या फुटल्यात.

आणि कूलर. खसच्या आत
एक काळी, टाचणीच्या डोक्याएवढी.
तीन उन्हाळे बघतेय.
ही? ही मला माहीत नाही.

त्यानं टाकी उतरवली, गुडघे टेकले,
आणि बराच वेळ आत बघत राहिला.

सिंकखाली तेवढं फवारलं. पैसे पूर्ण घेतले.
पावतीवर मकडीसमोर आकडा टाकला: आठ.

मी, तो नवरा धरून,
सातच दाखवल्या होत्या.