काठ्या घरी ठेवून ये

एवारिस्तनं फोनवर एवढंच सांगितलं.
मी हसलो. ड्रमवाल्याला असं म्हणणं म्हणजे
पोदेराला पाव घरी ठेवून फेरीला ये सांगणं.
तरी गेलो. रायबंदरहून दिवाडीची फेरीबोट,
खिशात नुसते हात.

अकरा वर्षं त्याच्या मागे बसलो.
चेहरा तसा कमीच माहीत,
पाठ मात्र पाठ आहे:
डाव्या खांद्याखाली घामाचा नकाशा,
आणि पायाशी तो पेडल, ज्याला आम्ही रेडा म्हणायचो,
दाबला की रेकायचा म्हणून.
वागातोरच्या माळावर एकदा असं वाजवलं
की बारमधले ग्लास आपापले सरकत
टेबलाच्या कडेला आले.
आम्हाला वाटलं, हेच ते.

आता स्वयंपाकघर.
खिडक्यांना गाद्या टेकवलेल्या, फ्रिज बंद,
त्यातलं बांगड्यांचं हुमण
शेजारच्या एर्मेलिंदाकडे पाठवलेलं.
स्टुलावर तो, मांडीवर नायलॉनच्या तारांची गिटार,
आणि माइक तोंडाच्या इतका जवळ
जितका घास भरवणाऱ्याचा हात.

गायला. म्हणजे
बोलणं आणि गाणं यांच्या मधलं काहीतरी केलं.
बायको गेल्याचं गाणं. वारली नाही,
कागदपत्रं झाली तशी लिस्बनला गेली.
पूर्वी हेच त्यानं किंचाळून सांगितलं असतं,
पाचशे लोक बरोबर किंचाळले असते
आणि कुणाला काही कळलं नसतं.
मलाही.
अकरा वर्षांत मला ठाऊक नव्हतं
की 'र' म्हणताना त्याची जीभ किंचित अडते.

मग माझ्या हातात सूप दिलं,
त्यात मूठभर उकडे तांदूळ.
हलव, म्हणाला, बोट धक्क्याला लागते तसं.
हलवले.
जास्त झालं.
आणखी हळू.
अजून जास्त.
राग आला. मनगटात वागातोर होतं ना अजून.
सूप आपटावंसं वाटलं, आपटलं नाही,
नुसतं छातीशी धरून बसलो,
आणि माझ्या श्वासानं जे चार दाणे घरंगळले
ते त्यानं ठेवले.

खुर्चीही कुरकुरली आहे त्यात, दुसऱ्या कडव्यात.
पुन्हा करूया का, विचारलं.
नको, म्हणाला, आणि फ्रिज चालू केला.

परतीच्या बोटीवर इंजिनाची धडधड.
पायानं आपोआप ताल धरला,
मी धरू दिला.
तो मऊ झाला की थकला,
हे मला अजून ठरवता येत नाही.
विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर
बहुतेक तारा जुळवत बसला असता.

सावईवेऱ्याला पोचलो तेव्हा घर निजलेलं.
ड्रमसेटवर चादर,
चादरीवर आईनं पसरलेली भिंडांची सोलं,
लाल, ओलसर.
वाळू देत.